एकाचे दहा झाले त्या दिवशी

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत, बाई म्हणत. पाठ वळली की म्हणत 'पुन्हा-सांगा'. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. नाव खोटं नव्हतंच.

एकोणीस वर्षं ती शेअर दलालाच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, खिडकीकडे पाठ करून, दोन पडद्यांसमोर बसत होती. काम म्हटलं तर सोपं. गिऱ्हाइकानं फोनवर सांगायचं, हिनं कळ दाबायची. अमक्याचे पन्नास घे, तमक्याचे तीस वीक. पण कळ दाबण्याआधी ती प्रत्येकाला म्हणायची, "पुन्हा सांगा." समोरचा वैतागायचा, पुन्हा सांगायचा. मग ती स्वतः तो आकडा मोठ्यानं म्हणायची, एकेक अक्षर सुटं करून, आणि समोरून 'हो' आल्याशिवाय बोट हलवायची नाही.

"भाजीवालीलासुद्धा तू तीनदा विचारतेस," सासूबाई म्हणायच्या. "अर्धा किलो, अर्धा किलो, अर्धा किलो. तिला वाटतं दीड किलो हवंय."

"चूक झाली तर तुम्ही भरणार का, आई?"

"भाजीत कसली गं चूक!"

भाजीत नसते. शेअर बाजारात एका शून्याची चूकसुद्धा घर खाली बसवते, हे तिनं पाहिलं होतं. आणि आठ महिन्यांपूर्वी तिच्या स्वतःच्या हातून एक झाली होती. 'घ्या' म्हणालेल्या गिऱ्हाइकाचे तिनं विकले. मालकांनी ते निस्तरलं, पदरचे भरले, आणि तिला कॅबिनमध्ये बोलावून, आवाज न चढवता सांगितलं,

"बाई, एक चूक मी पचवली. दुसरी झाली तर मला सांगायला येऊ नका. पिशवी उचलायची आणि घरी जायचं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस विसरतो. मालक हळू बोलले होते, म्हणजे ते लक्षात ठेवणार होते. आणि नवऱ्याचं फोटो-फ्रेमचं दुकान बंद पडून दोन वर्षं झालेली, मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार एकच, हिचा. तेव्हापासून ती आकडा तीनऐवजी चारदा म्हणू लागली. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगेला डीलर, ज्याला बोलण्याच्या वेगामुळे सगळे 'मीटर' म्हणत, तो म्हणाला, "ताई, तू आता देवाचं नावसुद्धा कन्फर्म करून घेशील."

*

त्या ऑफिसात बहुतेक गिऱ्हाइकांकडे एक शेअर हमखास असे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचा. त्याला सगळे नुसतं 'पंप' म्हणत. एकेकाची किंमत पाच हजारांच्या वर, त्यामुळे कोणाकडे पाच, कोणाकडे बारा, कोणाकडे वीस. घ्यायला कोणी धजत नसे आणि विकायला कोणी तयार नसे. दिवसाकाठी सगळ्या बाजारात मिळून दोन-तीनशे शेअर हलले तर हलले. पंपाची ऑर्डर टाकली की ती पडद्यावर बसून राहायची, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या म्हातारीसारखी. पंधरा मिनिटं, कधी कधी तासभर. आणि तिला हेच फार आवडायचं. चूक झालीच तर मागे घ्यायला अवधी असायचा.

मग कंपनीनं ठरवलं, एका शेअरचे दहा करायचे. पाच हजारांचा एक होता, आता पाचशेचे दहा. मालमत्ता तेवढीच, तुकडे जास्त.

"मग फायदा काय झाला?" सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी विचारलं.

"काही नाही. मोठी नोट मोडून सुटे घेतले, एवढंच."

सासूबाईंनी मान हलवली. "नोट मोडली की टिकत नाही बघ. मोठी नोट ट्रंकेत वर्षभर राहते. सुटे झाले की हात जातोच."

ती हसली. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि तिला कळलं की सासूबाईंनी बाजाराविषयी जे सांगितलं ते मालकांच्या सगळ्या चार्टांत नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात पंपाचे जेवढे शेअर हातोहात फिरले, तेवढे आधी वर्षभरात फिरले नव्हते. पाच हजारांना जे लांबून नमस्कार करायचे ते सगळे पाचशेला आत घुसले. रिक्षावाला, शिवणकामवाली, समोरच्या बँकेतला शिपाई. 'दहा घेऊन ठेवतो.' 'मला पंचवीस.' त्यांच्या गर्दीमुळे भाव वर, भाव वर म्हणून जुने विकायला उठले, ते विकतात म्हणून भाव खाली, खाली म्हणून नवे घाबरले आणि तेही विकायला आले. पाचशे दहा, पाचशे सव्वीस, पाचशे चार. वर जाताना लोक घेत होते, खाली येताना विकत होते, आणि दोन्ही वेळा फोन हिलाच करत होते.

सकाळीच मालक बाहेर येऊन टाळी वाजवून म्हणाले होते, "आज फोन वीस सेकंदांच्या वर नको. आणि बाई, आज ते तुमचं पुन्हा-बिन्हा काही नको. आपली शंभर गिऱ्हाइकं ताटकळतील."

"पण मालक—"

"एक दिवस. जग बुडत नाही."

आणखी एक गोष्ट झाली होती. नवे तुकडे लोकांच्या खात्यात जमा व्हायला दोन दिवस लागणार होते. पडद्यावर जुनेच आकडे दिसत होते, वीसवाल्याला वीसच. त्यामुळे एरवी कोणी आपल्याजवळ आहेत त्याहून जास्त विकायला गेलं की यंत्र अडवायचं, तो अडसर मालकांनी पंपापुरता काढून टाकला होता. नाहीतर कोणालाच काही विकता आलं नसतं. म्हणजे आज यंत्रही 'पुन्हा सांगा' म्हणणार नव्हतं.

तिनं वहीचं नवं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं.

*

घोळ आकड्यांचा होता. लोक जुन्या हिशेबानं बोलत होते. "माझे पाच वीक," म्हणजे जुने पाच, आताचे पन्नास. सकाळपासून सोळा जणांनी असंच सांगितलं आणि सोळा वेळा तिनं मनातल्या मनात एक शून्य जोडलं. सतराव्या वेळी ते मनात येण्याआधीच बोटानं जोडलं.

सतरावे होते घड्याळवाले काका. चौकातल्या कोपऱ्यावर हातभर दुकान, एका डोळ्याला भिंग. सहा वर्षं दर दिवाळखोरीच्या अफवेला न घाबरता पंप धरून बसलेला माणूस. आज त्यांचा आवाज कापत होता.

"पोरी, दोनशे वीक. आहे त्या भावाला. हे वरखाली मला बघवत नाही, छातीत धडधडतं."

"हो काका," ती म्हणाली, आणि दुसरा फोन वाजत होता, तिसरा वाजत होता, आणि फोन ठेवतानाच तिनं कळ दाबली.

दोन हजार.

काकांकडे जुने वीस होते. विसाचे झाले दोनशे. काका आयुष्यभर सेकंदाच्या काट्याशी खेळलेले. त्यांनी हिशेब घरी बसून आधीच करून ठेवला होता. त्यांच्याकडे वीस आहेत हे तिला सहा वर्षं पाठ होतं. पण पाठ असलेलंही आठवायला एक श्वास लागतो, आणि तेवढाही तिच्याजवळ नव्हता.

ते तिला कळलं वहीत 'दोनशे' असं लिहिताना. पेन कागदावर, डोळे पडद्यावर, आणि दोन्हीकडे वेगळा आकडा. तिनं ऑर्डर मागे घ्यायला हात पुढे केला.

मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं. जुना पंप असता तर दोन हजारांची ऑर्डर दोन आठवडे पडून राहिली असती आणि सगळ्या बाजारानं वळून बघितलं असतं. आज ती डोळ्यांची पापणी लवायच्या आत गिळली गेली होती. पाचशे चौदाला, पूर्ण. दगड विहिरीत पडला आणि डुबुक असा आवाजही झाला नाही.

घड्याळात दहा बावन्न.

अठराशे शेअर काकांच्या नावानं विकले गेले होते, जे काकांकडे नव्हतेच. दुपारी साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत ते परत विकत घेतले नाहीत, तर कोणीतरी ते मागायला येणार, द्यायला नाहीत म्हटल्यावर लिलाव होणार, आणि त्या लिलावात भाव काय लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

करायचं काय, तेही तिला ठाऊक होतं. लगेच अठराशे परत घ्यायचे, आणि उठून कॅबिनमध्ये जाऊन सांगायचं. नव्या मुलांना ती हेच शिकवायची.

*दुसरी झाली तर मला सांगायला येऊ नका.*

तिनं पडद्यावर खरेदीची खिडकी उघडली. अठराशे लिहिलं. भाव पाचशे नऊवर आला होता. आत्ता घेतले तर उलट फायदाच. बोट कळीवर ठेवलं आणि बोट हलेना. कळ दाबली की तो व्यवहार छापला जाणार, मालकांच्या पडद्यावर जाणार, काकांच्या मोबाइलवर जाणार. न दाबली तरी पहिला व्यवहार गेलेलाच होता, हे शहाणपण तेव्हा कुठे सुचायला! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ती डोळे उघडे ठेवून बसली होती आणि तरी तिला वाटत होतं, आपण हललो नाही तर कोणाला दिसणार नाही.

फोन वाजला. तिनं उचलला. "बोला."

कोणाचे तरी तीस घेतले. दुसऱ्याचे पंधरा विकले. त्या आकड्यांत चूक झाली नाही; हात आपले आपण काम करत होते, हातांना काही कळलंच नव्हतं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात भाव पाचशे सोळा झाला. पाचशे एकवीस.

*

"ताई, ओठ पांढरे पडलेत तुझे," मीटर खुर्ची सरकवत म्हणाला. "चहा सांगू?"

तिनं काकांच्या नावाची ओळ दाखवत वही त्याच्याकडे वळवली. दोनशे. मग पडद्यावर बोट ठेवलं. दोन हजार.

मीटरनं शीळ घालायला तोंड गोल केलं, पण शीळ आली नाही.

"किती वाजता?"

"दहा बावन्न."

"आत्ता अकरा वाजून नऊ मिनिटं झालीत! इतका वेळ काय जप करत बसलीस?"

"मालकांनी काय सांगितलंय माहितेय ना तुला."

"माहितेय." तो खाली वाकला, आवाज खाली आणला, वेग मात्र तोच. "मग ऐक. सांगूच नकोस. घाईही करू नकोस. आज हा भाव माकडासारखा नाचतोय, बघतेस ना? पाचशे चौदाला तू विकलेस. साडेतीनच्या आत तो दहा वेळा पाचशे दहाला येणार. एवढी उलाढाल आहे, अठराशे कोण विचारतो? आला की उचलायचे, मोकळं व्हायचं. उलट चार पैसे सुटतील."

"आणि नाही आला तर?"

"येणार गं."

"सहाशे झाला तर?"

"आज वाईट बोलू नये."

पाचशे सव्वीस. तिनं मनात गुणाकार केला, आणि मग करायचं बंद केलं, कारण भाव प्रत्येक वेळी बदलत होता आणि तो आकडा तिच्या एका पगाराच्या पुढे गेला होता. मुलीच्या परीक्षेची फी भरायची तारीख आठवली, नवरा सकाळी बूट पुसत बसला होता ते आठवलं. कामाला जायचं नसतानाही तो रोज बूट पुसायचा.

"मी तर म्हणतो," मीटर आणखी वाकला, "काकांचा आवाज हल्ली कापतो ना? त्यांनीच दोन हजार म्हटलं असेल."

"टेप असतो रे प्रत्येक फोनचा."

"टेप ऐकतो कोण? तक्रार झाली तर ऐकतात. काका तक्रार करणाऱ्यांतले आहेत का?"

नव्हते. हे तिलाही ठाऊक होतं, आणि त्या क्षणी ते आपल्याला ठाऊक आहे याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

*

अकरा एकतीसला काकांचा फोन आला.

"पोरी, मला मेसेज आलाय. दोन हजार विकले म्हणून."

तिची नजर पडद्यावरच्या अठराशेवर गेली.

"माझ्याकडे दोन हजार नाहीतच. मग मी विकले कोणाचे?"

"काका—"

"थांब, ऐक. मी भिंग लावून तीनदा वाचलं. दोनावर तीन शून्यं आहेत. आता पोलिसात वगैरे जातं का हे? माझ्याजवळ नसलेली वस्तू मी विकली म्हणजे... आमच्या धंद्यात दुसऱ्याचं घड्याळ विकलं तर सरळ चोरी." त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे दुकानातली सगळी घड्याळं एकाच वेळी टकटकत होती. "मी बोललो का तसं? पोरी, खरं सांग. माझं हल्ली होतं असं. परवा एकाच्या घड्याळात जुनाच सेल परत घातला. वय झालं. मीच दोन हजार म्हणालो असेन. हिला अजून सांगितलं नाही मी. काय भरायचं ते मला सांग, मी बघतो कुठून तरी."

मीटरला शेजारून सगळं ऐकू येत होतं. त्यानं भुवया वर केल्या. नुसत्या भुवया.

एक 'हं' पुरला असता. 'हो काका, तुम्हीच म्हणालात, असू द्या, मी बघते.' म्हातारा तिचे आभार मानून फोन ठेवणार होता. टेप कोणी ऐकणार नव्हतं. तिच्या जिभेवर तो 'हं' आलासुद्धा. ओला, तयार.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही दोनशेच म्हणालात. स्पष्ट म्हणालात. शून्य मी जोडलं. माझी चूक आहे, काका, तुमची नाही. तुम्हाला काही भरायचं नाही. तुमचे दोनशे पाचशे चौदाला विकले गेले, ते पैसे तुमचे."

पलीकडे भिंग काचेवर ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"मी बरोबर बोललो होतो?"

"अगदी बरोबर."

"हात्तिच्या!" आणि त्यांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की तिला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण मग तुझं काय गं?"

"बघते, काका." तिनं फोन ठेवला, खिडकी अजून उघडी होती, अठराशे अजून लिहिलेले होते, आणि या वेळी बोट हललं. पाचशे एकतीस. विकले होते तितक्याच गुपचूप ते परत आले. अकरा तेहतीस.

"वेडी आहेस," मीटर पुटपुटला. "सगळ्यात वरच्या भावाला घेतलेस."

ती उठली. कॅबिनपर्यंत बारा पावलं, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, फरशी पुढे नाहीच आहे. दार ढकलून ती एका दमात म्हणाली, "दुसरी झाली, मालक. तुम्ही येऊ नका म्हणालात तरी आलेय."

तिनं सांगितलं. मालकांच्या कानाला एक फोन, हातात दुसरा. त्यांनी दोन्ही खाली ठेवले, तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"बाजार बंद झाल्यावर या. आत्ता जागेवर बसा."

चार तास. त्यापेक्षा 'जा घरी' म्हटलं असतं तर सुटली असती.

*

पंप पाचशे आठला बंद झाला.

मीटरनं पडद्यावर टिचकी मारली. "सांगत होतो. सांगत होतो की नाही? दीड वाजल्यापासून पाचशे चौदाच्या खालीच होता. गप्प बसली असतीस तर आज हसत घरी गेली असतीस."

तिनं वही मिटली आणि उचलली. तो खोटं बोलत नव्हता.

कॅबिनमध्ये मालकांनी सगळं कागदावर छापून समोर ठेवलं होतं. चष्मा कपाळावर, डोळे तांबडे. दिवसभरात त्या ऑफिसानं एरवीच्या तीन महिन्यांची उलाढाल केली होती आणि ते मात्र कोणीतरी मारल्यासारखे बसले होते.

"टेप ऐकला मी," ते म्हणाले. "दोन्ही फोनचे."

तिनं वही कागदाशेजारी ठेवली.

"साडेतीनपर्यंत थांबला असतात तर मला पत्ता लागला नसता. दीडनंतर कधीही उचलले असते तरी उलट काही शिल्लक राहिलं असतं."

"हो."

"मग का थांबला नाहीत?"

"तो पाचशे आठ होईल हे मला कुठे ठाऊक होतं, मालक? तुम्हालाही नव्हतं. सहाशे झाला असता तर?" तिनं कागदावरच्या काकांच्या नावावर बोट ठेवलं. "आणि काका म्हणाले, माझंच चुकलं असेल. उद्यापासून ते आपल्या हातांवर विश्वास ठेवणार नव्हते. घड्याळ उघडतात ते त्या हातांनी."

मालकांनी कागदावर दोन जागी पेन्सिलीनं खूण केली.

"दहा बावन्नला चूक. ठीक. माणूस चुकतो, मीच सकाळी तुम्हाला पुन्हा विचारू नका म्हणालो, तेही टेपवर नसलं तरी मला आठवतंय. अकरा तेहतीसला खरेदी. मधली एक्केचाळीस मिनिटं कशाची?"

तिला खोटं बोलायला सुचलंही नाही. "तुमच्या भीतीची."

पेन्सिल थांबली. बाहेर कोणीतरी पंखा बंद केला आणि पाती घरघरत थांबली.

"चूक झाली तेव्हा लगेच घेतले असते," मालक शेवटी म्हणाले, अगदी हळू, तेच ते हळू बोलणं ज्यानं तिची आठ महिने झोप उडवली होती, "तर एक दमडी गेली नसती. जे गेलं ते त्या एक्केचाळीस मिनिटांत गेलं." ते कागदाकडेच बघत राहिले. "अर्धं तुमच्या पगारातून, वर्षभरात. अर्धं माझं."

तिनं मान हलवली. वर्षभर. म्हणजे वर्षभर पगार असणार होता. हे समजायला तिला दोन क्षण लागले.

"आणि पुढच्या वेळी—" ते बोलता बोलता थांबले. आपण आठ महिन्यांपूर्वी काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला. "पुढच्या वेळी पहिल्याच मिनिटाला दार ढकला. मी फोनवर असलो तरी. आता जा. उद्या पंप परत असाच नाचणार आहे."

ती बाहेर आली आणि कॅबिनसमोरच्या बाकड्यावर बसली. मीटर डबा पिशवीत कोंबत धावत आला.

"काय गं? ओरडले?"

"नाही."

"काढून टाकलं?"

"नाही."

"मग अशी का बसलीस? रंग बघ तुझा!"

"उद्या परत यायचंय," ती म्हणाली.